दोर ताणला की जागा सोडा

मलकापूरहून समुद्र तसा लांब नाही. आंबा घाट उतरला, साखरपा आणि पाली मागे टाकली की रत्नागिरी. तरीही आमच्या शाहूवाडी तालुक्यात जहाजावर नोकरी केलेला माणूस नवलाचाच. मी खलाशी म्हणून चढलो आणि बोसन म्हणून निवृत्त झालो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जुन्या लोकांचा सारंग. माझं आयुष्य पुढच्या आणि मागच्या डेकवर हॉसरच्या संगतीत गेलं. जहाज धक्क्याला बांधायचे आणि ओढून न्यायचे जे जाडजूड दोर असतात, त्यांना आम्ही हॉसर म्हणतो.

हल्ली जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाच्या कामाचा, कोर्स करून जहाजावर जाणारी मुलं आपल्या भागातही निघू लागली आहेत. भेटायला येतात तेव्हा वादळांविषयी विचारतात, चाच्यांविषयी विचारतात. दोराविषयी कुणी विचारत नाही. मला स्वतःला भर समुद्रातल्या वादळापेक्षा जहाज धक्क्याला लावायच्या त्या तासाची धास्ती जास्त वाटायची. वादळात सगळे सावध असतात. बंदर दिसलं की माणूस सैल होतो, आणि दोर नेमका तेव्हाच ताणलेला असतो.

१. दोर आतून बघा

आमच्याकडे बांधाबांधावर घायपात असायचा. त्याची पानं पाण्यात कुजवायची, ठेचून धुवायची, की वाख निघतो. मातंग समाजातले कारागीर त्या वाखाचे पेड वळून नाडे, कासरे, दावी करायचे. बेंदराच्या बाजारात नव्या कासऱ्यांचे आणि म्होरक्यांचे ढीग लागायचे. मोटेच्या नाड्यावर तर बैलांचा आणि माणसाचा जीव अवलंबून असे. त्यामुळे जुना नाडा पुन्हा वापरायचा झाला तर जाणती माणसं तो दोन्ही हातांनी उलटा पिळून पेड उघडत आणि आत बघत. वरून ठीक दिसणारा दोर आतून भुगा झालेला असतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

जहाजावरच्या दोराची तपासणीही अशीच होते. पीळ उलगडा आणि पेडांच्या मध्ये बघा. आत भुकटी साचली असेल तर तंतू एकमेकांवर घासून झिजले आहेत. एखादा तुकडा चकचकीत आणि कडक लागला तर तो घर्षणाच्या उष्णतेने वितळून चिकटला आहे. वरचा रंग उडून तंतू हाताला काट्यासारखे टोचू लागले तर उन्हाने त्याला खाल्लंय. रसायनांचे डाग असतील तर जास्तच जपा, कारण आम्ल नायलॉनला सोसत नाही आणि पॉलिएस्टरला तीव्र अल्कली सोसत नाही.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. बोलार्डवर (दोर अडकवायच्या खुंटावर) बसणारा डोळा, म्हणजे टोकाचा फास, आणि फेअरलीडमधून (दोराला वाट देणाऱ्या कडेच्या खाचेतून) घासत जाणारा भाग आधी जातो. म्हणून काही काळाने दोराची टोकं उलटी करायची, विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, ड्रमकडचं बाहेर आणि बाहेरचं ड्रमकडे. फेअरलीडवर गंज चढला असेल तर दोर बदलून उपयोग नाही, आधी तो गंज घासून काढायचा. किती तरी जहाजांवर नवा कोरा दोर गंजलेल्या रोलरवर चढवलेला मी पाहिला आहे, आणि तो थोड्याच दिवसांत जुन्यासारखा फिसकारलेलाही.

२. प्रत्येक दोराचा स्वभाव वेगळा

कोकणात पूर्वी नारळाच्या सोडणापासून काढलेल्या काथ्याचे दोर होड्यांना असत. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो आणि पाण्यावर तरंगतो. मोठ्या जहाजांवर फिलिपाइन्सच्या अबाकाचा, म्हणजे मनिला दोर चाले. मुंबईला काळा घोड्याजवळ रिदम हाउसच्या मागे रोपवॉक लेन आहे. गोदीसाठी लांबच लांब दोर वळायची जागा तिथे होती, त्यावरून हे नाव पडलं. दोर जितका अखंड हवा तितकी लांब जागा वळायला लागते. इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीतली दोरशाळा पाव मैलाच्या आसपास लांब आहे आणि तिथे आजही दोर वळले जातात.

आता सगळं कृत्रिम धाग्याचं आहे आणि तिथेच नवीन मुलगा फसतो, कारण रंग आणि जाडी सारखी असली की त्याला सगळे दोर सारखेच वाटतात. नायलॉन खूप ताणतो, झटका पोटात घेतो. पण पाण्यात बुडतो आणि ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पॉलिप्रॉपिलीन हलका, तरंगणारा आणि स्वस्त. पण १६५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून फिरत्या ड्रमवर त्याला घसरू देऊ नये. पॉलिएस्टर जड, पण घर्षणाला चिवट आणि ओला झाला तरी ताकद टिकवणारा. सर्वांत नवा एचएमपीई, म्हणजे खास मजबूत पॉलिथिलीनचा. वजनाच्या मानाने तो पोलादी तारेला मागे टाकतो, पाण्यावर तरंगतो, पण ताणत जवळजवळ नाहीच, आणि उष्णता त्याला पॉलिप्रॉपिलीनपेक्षाही कमी सोसते.

वजनाचा अंदाजही हाताला हवा. ६४ मिलीमीटर जाडीचा, २२० मीटर लांबीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर चारशे किलोच्या आसपास भरतो. तो एकट्याने उचलायची ईर्षा करू नका. पाठ एकदा गेली की नोकरी गेली.

असे दोर आपल्या जवळच होतात, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या वाईत, कृष्णेकाठी, समुद्रापासून शंभर कोस दूर वाटावं अशा गावी गरवारेंचा कारखाना आहे. १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स या नावाने कंपनी निघाली आणि आता ती गरवारे टेक्निकल फायबर्स म्हणून ओळखली जाते. मासेमारीची जाळी आणि जहाजांचे दोर तिथून देशोदेशी जातात. परदेशी बंदरात मराठी माणसांनी केलेल्या दोराच्या गुंडाळीवर हात ठेवताना मला अभिमान वाटायचा, आणि आजही वाटतो.

३. एका दिशेला एकाच जातीचे दोर

जहाज बांधताना पुढे हेडलाइन, मागे स्टर्नलाइन, आडवे ब्रेस्ट आणि तिरके स्प्रिंग असे दोर जातात. एकाच कामासाठी एक तार आणि एक नायलॉन असे कधी लावू नका. तार ताणत नाही, नायलॉन ताणतो, त्यामुळे सगळा भार तारेवर येतो आणि नायलॉन नुसता लोंबतो. जुवाला एक तापट आणि एक सुस्त बैल जोडला तर तापट बैलाचीच मान मोडते, तसं हे आहे. तार तुटली की उरलेल्यावर एकदम सगळं ओझं येतं आणि मग एकामागून एक दोर जातात. लांबीचंही तेच. आखूड दोर लांब दोराच्या आधी भार घेतो.

४. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

दोर ताणतो तेव्हा त्यात ताकद साठत जाते. तो तुटला की ती सगळी ताकद टोकाच्या फटक्यात मोकळी होते. याला स्नॅप-बॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत ते टोक येतं. बाजूला होऊ, खाली वाकू, असं मनाशी ठरवलं असेल तर ते सोडून द्या. कुणालाही तेवढा वेळ मिळालेला नाही. जितका दोर जास्त ताणणारा तितका फटका मोठा, म्हणून झटका सोसणारा नायलॉन या बाबतीत सगळ्यांत वाईट.

माझ्या डोळ्यांदेखत एका सोबत्याचा पाय असा गेला. वारा वाढलेला, टग, म्हणजे जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट, जहाजाला दाबत होती, मागचा स्प्रिंग ताणून करकरत होता. त्याला फक्त दोन पावलं मागे सरायचं होतं. दोर बोलार्डजवळ तुटला आणि टोक फिरून त्याच्या गुडघ्याखाली बसलं. तो कोकणातला होता, चांगला पोहणारा, कामाला वाघ. पुढे त्याने कधी जहाज पाहिलं नाही. त्याच्या बायकोने मला एकच विचारलं होतं, “भाऊ, ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?” तेव्हा डेकवर कुणी कुणाला असं बसवून सांगत नसे. म्हणून मी सांगत राहतो.

पूर्वी डेकवर पिवळ्या रंगाने पट्टे ओढून ‘इथे उभे राहू नये’ असं रंगवत. त्यात धोका असा की पट्ट्याच्या बाहेर पाय ठेवला की माणसाला सुरक्षित वाटतं. दोर मात्र सरळ परत येत नाही. वाटेत तो एखाद्या रोलरवरून वळला असेल तर फटकाही वळून येतो. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या साउथ हुक टर्मिनलवर झार्गा नावाच्या वायुवाहू जहाजाचा स्प्रिंग तुटला आणि डेकवर काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. तो दोर एचएमपीईचा होता. न ताणणारा दोर तुटला तरी उसळत नाही, असं बरेच जण धरून चालले होते. पण त्याच्या टोकाला झटका सोसण्यासाठी ताणणाऱ्या धाग्याचं शेपूट जोडलेलं होतं आणि उसळीची ताकद त्या शेपटाने दिली. शिवाय दोरावर वरून वेष्टण होतं, त्यामुळे आतल्या पेडांचं नुकसान बाहेरून दिसत नव्हतं. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षित कामाच्या संहितेने २०१५ च्या आवृत्तीत असे पट्टे रंगवणं टाळा, असं सांगितलं. कारण तेच, खोटी खात्री. दोरावर ताण असेपर्यंत सगळा मूरिंग डेकच धोक्याचा धरायचा.

मग काम कसं करायचं? दोर हातात घेण्याआधी एकदा त्याची वाट नजरेने चालून या: ड्रमपासून रोलर, रोलरपासून फेअरलीड, तिथून धक्क्यावरचा बोलार्ड. तो कुठेही तुटला तर कुठे जाईल, हे मनात आणा. ज्याचं काम नाही त्याला डेकवर थांबू देऊ नका. मोबाइल काढून फोटो घेणारा मुलगा दिसला तर त्याला आत पाठवा, तो रागावला तरी चालेल. आणि दोर करकरला, त्यातून धूर किंवा बारीक धूळ निघाली, जाडी कमी झाल्यासारखी दिसली, की आधी जागा सोडा, नंतर ओरडा.

५. दोराच्या फासात पाय नको

डेकवर सैल पडलेली वेटोळी म्हणजे सापळा. पलीकडून कुणी विंच चालू केला की तेच वेटोळं क्षणात घट्ट होतं आणि पायाला घेऊन फेअरलीडकडे धावतं. पाऊल टाकण्याआधी खाली बघा. दोर ओलांडायचाच असेल तर तो मोकळा आहे, हे विंचवाल्याकडून ऐकून घ्या.

६. हात एकाचाच वर

बंदरात शिरल्यावर आधी हीव्हिंग लाइन फेकली जाते, बारीक दोरी, टोकाला वजनदार गाठ. धक्क्यावरची माणसं तिला ओढतात आणि मागोमाग हॉसर जातो. त्या गाठीत नट-बोल्ट किंवा शिशाचा गोळा भरायची वाईट खोड काही जहाजांवर आहे. खाली उभा असलेला माणूसही कुणाचा तरी मुलगा आहे. वाळूची छोटी पिशवी पुरते.

आमच्या वेळी भारतीय खलाशी ओढायला ‘हबेस’ आणि सोडायला ‘आरिया’ म्हणत. जुनी लस्करी, म्हणजे खलाशांची, बोली ती, अजून गोदीत आणि क्रेनवर ऐकू येते. शब्द कुठलेही वापरा, पण विंचवाल्याने एकाच माणसाचं ऐकायचं. दोघे ओरडले की एकाचं ओढणं आणि दुसऱ्याचं सोडणं दोराच्या वाट्याला येतं. थांबवायचा इशारा मात्र कुणीही द्यावा, आणि तो कुणाचाही मानावा. काल लागलेल्या पोराचासुद्धा.

७. बांधलं म्हणजे संपलं नाही

मुंबईच्या इंदिरा गोदीला दरवाजे आहेत. आतलं पाणी बाहेरच्या भरती-ओहोटीबरोबर खालीवर होत नाही. तिथे बांधलेलं जहाज बऱ्यापैकी शांत असतं. खाडीपलीकडे न्हावा-शेवाला तसं नाही. तिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. खंबातच्या आखातात तर दहा मीटरच्या वर. भरतीला जहाज वर जातं आणि दोर आवळत जातात, ओहोटीला सैल पडतात. त्यातच माल उतरला की जहाज आणखी वर येतं. रात्रपाळीच्या खलाशाने दर फेरीला दोर बघायचेच. जेवणाआधी, जेवणानंतर, पाऊस असला तरी.

वाऱ्याचा हिशेब तर प्रत्येकाने पाठ करावा. वारा दुप्पट झाला की जहाजावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. कंटेनर रचलेलं जहाज म्हणजे उभी भिंत. सकाळी पुरेसे वाटलेले दोर दुपारच्या वाऱ्याला पुरत नाहीत. वाढवायचे असतील तर वारा चढण्याआधी वाढवा. जवळून मोठं जहाज वेगाने गेलं तरी पाणी ओढलं जाऊन आपलं जहाज धक्क्यावर पुढे-मागे सरकतं, तेही लक्षात असू द्या.

विंचच्या ब्रेकला जास्त आवळून ‘आता हलणार नाही’ म्हणू नका. ब्रेक दोराच्या ठरलेल्या ताकदीच्या साधारण ६० टक्क्यांवर सुटावा, असा बसवलेला असतो. तो घसरला तर जहाज हातभर सरकेल. न घसरला तर दोर तुटेल. ड्रमच्या ताण घेणाऱ्या भागावर दोराचा एकच थर ठेवा. दुसरा थर चढला की तो खालच्यात रुततो आणि ब्रेकची पकडही कमी होते.

८. ओढायच्या दोराला लांबी आणि वजन लागतं

टोइंग हे वेगळंच शास्त्र आहे. बंदरात पन्नास-साठ टन ओढीची टग आखूड दोराने काम करते. भर समुद्रात मात्र लांब, जड तार सोडतात. ती पाण्यात झोळ घेऊन लोंबते. लाट आली की आधी तो झोळ कमी होतो आणि झटका दोन्ही टोकांना थेट बसत नाही. झोळ गेला, तार पाण्याबाहेर सरळ दिसू लागली, की टगचा वेग उतरवायचा किंवा तार वाढवायची. जिथे तार जहाजाच्या कडेवर घासते तिथे साखळी लावायची, कारण घासून तुटणं हा ओढीच्या दोराचा सगळ्यांत नेहमीचा शेवट आहे.

पावसाळ्यात अशी ओढ निघाली तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. ११ जून २०११ रोजी एमव्ही विस्डम हे जुनं जहाज कोलंबोहून अलंगला तोडायला ओढून नेत होते. मुंबईजवळ ओढीचा दोर तुटला आणि ते वाहत जाऊन जुहूच्या वाळूत रुतलं. जहाजावर खलाशी नव्हते, म्हणजे दुसरा दोर घ्यायलाही कुणी नव्हतं. माझ्या मते पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात असं मृत जहाज ओढायला काढूच नये. तोडायला निघालेल्या लोखंडाला चार महिने थांबायला काय होतं?

रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ते नांगर न टिकल्याने किनाऱ्यावर आलं. माणसं वाचली. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून होतं आणि मलकापूरहूनही लोक त्याच्यासोबत फोटो काढायला घाट उतरून जात. एवढं मोठं जहाज वादळात काही मिनिटं सुटं झालं तर काय होतं, हे तिथे उभं राहून कळतं.

९. दोर बदला म्हणायला लाजू नका

मालकाला दोर महाग वाटतो, कॅप्टनला मालकाची भीती, आणि बोसनला कॅप्टनची. मधल्या मध्ये सडका दोर आणखी एका फेरीला जातो. हे चक्र मी पुष्कळ पाहिलं. आता कायदा खलाशाच्या बाजूने उभा आहे. १ जानेवारी २०२४ पासून सोलासच्या, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सुधारित नियमांप्रमाणे जहाजांनी दोरांची नियमित तपासणी करायची, देखभाल करायची, त्याची नोंद ठेवायची आणि खराब दोर वेळेत काढून टाकायचा, असं बंधन आलं आहे. जुन्या जहाजांनाही यातून सूट नाही. प्रत्येक दोराचा दाखला जहाजावर असतो. तो बघायला मागा. नोंदवहीत दोर कधी लागला, कधी उलटला, शेवटी कधी तपासला, हे वाचा. खराब दिसला तर तोंडी सांगून थांबू नका, लिहून द्या आणि तारीख टाका.

शाहूवाडीच्या आईबापांना एक विनंती आहे. मुलाला जहाजावर धाडायचं ठरवलं असेल तर संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याच्या, मान्यतेची आहे ना, हे तपासाच. पण तेवढ्यावर थांबू नका. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एसटी धरून त्या संस्थेत स्वतः जा. तिथे विंच आहे का, बोलार्ड आहे का, मुलांच्या हातात खरा हॉसर देतात का, हे डोळ्यांनी बघा. नुसत्या फळ्यावर दोर शिकवत असतील तर दुसरी संस्था शोधा.